डावीकडचे एकवीस सेंटीमीटर

१

माझ्या बायकोला डाव्या कानानं ऐकू येत नसे. सहाव्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि जाताना तो कान घेऊन गेला. एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला हे कळत नाही. घरात फोन वाजला की ती जागच्या जागी गर्रकन फिरायची आणि विचारायची, "कुठे वाजतोय?" चोवीस वर्षं हा प्रश्न मी ऐकला. अशा माणसाच्या घरात चहूबाजूंनी आवाज देणारे पाच स्पीकर लावणं म्हणजे तिला समोर बसवून एकट्यानं जेवण्यासारखं झालं असतं. म्हणून हौस असूनही मी तो विषय कधी काढला नाही. टीव्हीच्या पोटात जो स्पीकर होता तोच आम्हा दोघांना पुरला.

घराची मांडणीसुद्धा त्या कानानं ठरवली होती. बैठकीच्या खोलीत टीव्हीकडे तोंड केलं की डावीकडे तिची वेताची खुर्ची आणि उजवीकडे माझा सोफा. आलागेला माणूस आपोआप तिच्या उजव्या हाताला बसे. तिच्या डावीकडे नुसती मोकळी जागा, मग भिंत, आणि भिंतीत बाल्कनीचं काचेचं दार. रस्त्यानं चालताना मी तिच्या उजवीकडे असे, अंथरुणावरही उजवीकडे. डावी बाजू म्हणजे आमच्या घरातली रिकामी बाजू.

ती गेली त्याला अकरा महिने झाले तेव्हा माझा मेहुणा, तिचा धाकटा भाऊ, दोन खोकी घेऊन दारात उभा राहिला. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बोलण्यात सैल, हाताला पक्का.

"भाऊजी, घर फार गप्प झालंय तुमचं. जिना चढताना वाटतं, चुकून ग्रंथालयात आलो."

"मुद्रितं तपासणाऱ्याचं घर असंच असतं," मी म्हणालो. पुस्तकांची मुद्रितं वाचून चुका काढणं हा माझा धंदा आहे, आणि तो मी घरीच करतो.

"तपासा की. पण आज स्पीकर बसवायचेत. नाही म्हणायचं नाही. सगळा माल भंगारातला आहे, तेव्हा खर्चाचं कारणही चालणार नाही."

माल खरोखरच भंगारातला होता. पुढचे दोन उंच स्पीकर एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गातले. मधला एका फुटक्या टीव्हीतून काढून त्यानं प्लायच्या पेटीत बसवलेला. मागचे दोन जुन्या कॉम्प्युटरचे, एकाची जाळी चेपलेली. आणि हे सगळे ज्याला जोडायचे तो रिसीव्हर, कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला.

"जळका वास येतोय याला," मी म्हणालो.

"तो माझा वास आहे. दिवसभर कथिल वितळवतो मी." मग गुडघ्यांवर बसून वायर भिंतीच्या कडेनं ठोकता ठोकता तो म्हणाला, "ताई असती तर म्हणाली असती, पाचातले अडीच माझ्या काय कामाचे?"

आम्ही दोघंही हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

२

अशा रिसीव्हरला खोलीची ओळख करून द्यावी लागते. एक छोटा माईक ऐकणाऱ्याचं डोकं जिथे येणार तिथे ठेवायचा, बटण दाबायचं आणि माणसांनी खोलीबाहेर जाऊन गप्प बसायचं. रिसीव्हर अर्धं मिनिट थांबतो. मग एकेका स्पीकरमधून 'हुईप' असा चढता आवाज काढतो आणि तो माईकपर्यंत यायला किती वेळ लागला यावरून प्रत्येक स्पीकरचं अंतर काढतो. टीव्हीच्या पडद्यावर आकडे येतात. शिंप्यानं माप घ्यावं तसं.

मेहुण्यानं खात्रीसाठी फितीनंही अंतरं मोजली आणि पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहिली. मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याची तिवई आणली आणि तिच्यावर माईक बसवला.

"भाऊजी, तिथे नाही. तुम्ही बसता तिथे."

मी पाहिलं. तिवई मी तिच्या खुर्चीवर उभी केली होती. आणि माईक डोक्याच्या मध्यावर नव्हता, जरा उजवीकडे होता, बरोबर तिचा उजवा कान असायचा त्या जागी. इतकी वर्षं घरात जे काही ऐकायचं ते तिथे न्यायची सवय. हातानं आपलं काम करून टाकलं.

मेहुण्यानं हातातली फीत गुंडाळली. मग म्हणाला, "राहू दे. ठेवलाय तर एकदा तिथून घेऊ. मग सोफ्यावरून घेऊ."

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. दुपारचे चार वाजत होते, इमारत झोपली होती. हुईप, पुढचा डावा. हुईप, मधला. पुढचा उजवा. मागचा उजवा. मागचा डावा. संपलं.

मेहुण्यानं पुठ्ठा पडद्यासमोर धरला. मधला जुळला. उजवीकडचे दोन्ही जुळले, एक बोटभर इकडेतिकडे. डावीकडचे दोन्ही जुळत नव्हते. पुढचा डावा फितीनं दोनशे चाळीस सेंटीमीटर होता, पडद्यावर दोनशे एकसष्ट. मागचा डावा एकशे ऐंशी, पडद्यावर दोनशे एक.

"दोन्हीकडे एकवीस," मी म्हणालो.

"फीत चुकली असेल." त्यानं पुन्हा मोजलं. फीत चुकली नव्हती. "मग वाटेत काहीतरी आडवं येतंय. आवाज सरळ येत नाही, वळसा घालून येतोय."

"आडवं काय येणार? खुर्ची आणि माईक, दुसरं आहे काय तिथे?"

"सोफ्यावर आणा तो. दाखवतो."

सोफ्यावरून पाचही आकडे जुळले. मग मेहुणा स्वतः सोफ्यावर बसला, माईक आपल्या उजव्या कानाशी येईल असा सरकला, मला बटण दाबायला सांगितलं आणि श्वास रोखून पुतळ्यासारखा राहिला. पुन्हा पाच वेळा हुईप. उजवीकडचे आकडे होते तेच राहिले. डावीकडचे दोन्ही वाढले. एक वीसनं, एक बावीसनं.

"बघितलंत? माझं डोकं मध्ये आलं की एवढाच वळसा पडतो. म्हणजे तिथे खुर्चीत..."

तो उठला, पुठ्ठा दुमडून खोक्यात टाकला, पक्कड पिशवीत घातली. चहा न घेता निघाला. दारात वळून म्हणाला, "सोफ्यावरचंच माप ठेवा, भाऊजी. तुम्हीच ऐकणार आहात."

३

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिवई पुन्हा खुर्चीवर ठेवली. दोनशे एकसष्ट आणि दोनशे एक.

मला भुताखेतांत रस नाही. वायरी आपसात बदलल्या. चूक डावीकडेच राहिली. डावे स्पीकर उजवीकडे आणि उजवे डावीकडे नेले, चूक डावीकडेच. खुर्चीतली उशी काढली. पंखा बंद केला. खुर्ची तिवईसकट उचलून खिडकीजवळ नेली, नव्यानं फीत लावली. चूक खुर्चीबरोबर खिडकीजवळ आली.

मुद्रितांत एकच चूक प्रत्येक प्रतीत त्याच ओळीत दिसली, की ती छपाईची नसते. कुणीतरी ते मुळातच तसं लिहिलेलं असतं.

मग मी तिवईची उंची बदलून पाहिली. चार बोटं वर घेतली तर वळसा कमी झाला. वीतभर वर घेतली तर नाहीसा. खाली खांद्याच्या उंचीवर आणली तर उलट वाढला. माईक थोडा डावीकडे सरकवला तर आवाजच दबल्यासारखा झाला. दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं, पाच आवाज ऐकायचे, परत येऊन आकडे लिहायचे. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत एक आकार तयार झाला. वर गोल, खाली अरुंद, मग पसरत गेलेला. माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या माणसाचं डोकं, मान आणि खांदे. मान किंचित उजवीकडे कललेली. ऐकताना ती तशी कलायची.

मी वही मिटली. आणि मग लक्षात आलं की तिवईचा एक पाय मी दुपारभर खुर्चीच्या बैठकीत खुपसून ठेवला होता.

"लागलं का?" मी म्हणालो. माझाच आवाज ऐकून मी तिवई घाईनं उचलून घेतली.

पण खोटं कशाला सांगू, त्यानंतरचा आठवडा वाईट गेला नाही. भीती होती. पण चार वाजायची मी वाटही पाहू लागलो. रोज माप घ्यायचं, एकवीस आला की सोफ्यावर बसायचं, तिच्या उजवीकडे, आणि बोलायचं. नळवाला आला नाही. वरच्या मजल्यावरचं बाळ चालायला लागलं. एका लेखकानं आपल्याच आईचं नाव तीन प्रकारे लिहिलंय. साधंच.

एक गोष्ट मात्र मी बोलत नव्हतो.

आजाराच्या सुरुवातीला, सगळ्या तपासण्या झाल्यावर, डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ती या खुर्चीत बसली होती. मी उठून बाल्कनीत गेलो, दार ओढून घेतलं. तिच्या डावीकडे. रिकाम्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने, फार तर अडीच. मी म्हणालो, "तिला सांगू नका. तिला हे कळता कामा नये. मी तिला बरी होणार म्हणून सांगितलंय." आवाज खाली ठेवायचीही मी फारशी काळजी घेतली नाही. डाव्या बाजूला असताना कधी घ्यावी लागली नव्हती.

त्यानंतरचे दोन महिने ती आनंदात होती. खोलीला कुठला रंग द्यायचा याचे नमुने आणवले. उन्हाळ्यात लेकीकडे जायचं ठरवलं. मला तेवढाच आधार आहे. तिला कळलं नाही.

४

शनिवारी लेक आली. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, महिन्यातून एकदा येते आणि आली की घर घासूनपुसून लख्ख करून जाते.

"बाबा, हे काय? आईच्या खुर्चीवर कॅमेऱ्याचं स्टँड?"

"स्पीकरचं माप घेतोय. तुझ्या मामानं बसवलेत."

"मामाचा फोन आला होता मला." ती खुर्चीकडे पाहत नव्हती. "म्हणाला, तुझ्या बाबांना चार दिवस घेऊन जा तिकडे. कारण विचारलं तर म्हणे, हवापालट. मामाच्या तोंडी हवापालट! स्वतः कधी दुकानाच्या बाहेर पडला नाही तो."

मी हसलो. ती हसली नाही. बादली घेऊन बाल्कनीच्या दाराकडे गेली आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यानं काच पुसायला लागली.

"वर्षभर कुणी हात लावला नाही वाटतं हिला. हा डाग बघा. आतून आहे. तेलकट. कुणी डोकं टेकवून उभं होतं की काय?"

"असेल."

"जातच नाहीये." ती रेटून पुसत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाबा, एक विचारू? चिडायचं नाही."

"विचार."

"आईला माहीत होतं का?"

हा प्रश्न तिनं अकरा महिन्यांत चौथ्यांदा विचारला होता. मी तिलाही उशिराच कळवलं होतं. ती पोचली तेव्हा आईला बोलता येत नव्हतं. त्याबद्दल तिनं मला एका शब्दानं दुखवलेलं नाही. फक्त हा प्रश्न विचारते.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तिला काही कळलं नव्हतं."

"म्हणजे ती माझ्याशी काही न बोलता गेली ती वेळ थोडा उरलाय हे माहीत नव्हतं म्हणून. माहीत असून नाही."

"हो."

ती मान हलवत राहिली, स्वतःची समजूत घातल्यासारखी. मग एकदम तिला काहीतरी आठवलं. "आठवतं, एकदा आईनं तुम्हाला इथे कोंडलं होतं? मला फोन करून सांगितलं तिनं. तुझे बाबा बाल्कनीत अडकले, मेली खिटी आतून पडली आणि मला बाईला दार वाजवलेलं ऐकूच आलं नाही. इतकी हसत होती, इतकी, की मला मधेच वाटलं रडतेय की काय."

मला आठवत होतं. मी पाच-सात मिनिटं काच वाजवत होतो. शेवटी ती आली. हात ओले, तोंड धुतलेलं. "अगं बाई, वाऱ्यानं पडली वाटतं खिटी. मी भांडी घासत होते." आणि हसली.

ते कुठल्या दिवशी झालं हेही मला आठवत होतं. डॉक्टरांचा फोन आला त्याच दिवशी. पण त्या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या. तेव्हाही पाहिल्या नाहीत. लेकीला म्हणालो, "चहा टाकतो."

रविवारी जाताना ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात तुम्हाला न्यायला येते. आणि ही खुर्चीही नेते. माझ्याकडे राहू दे."

तिची रिक्षा वळेपर्यंत मी बाल्कनीत उभा होतो. आत येताना काचेकडे पाहिलं. स्वच्छ होती. डाग निघाला होता.

५

सोमवारी मी ठरवलं की हे तपासायचं. लेकीला चार वेळा दिलेलं उत्तर एकदा पडताळून पाहायचं, एवढंच.

तपासणं अवघड नव्हतं. खुर्चीत जे कुणी बसत होतं त्याला डावीकडचं ऐकू येत नसेल, तर मी बाल्कनीत काहीही बोललो तरी माप बदलायला नको. मी चार वाजता तिवई जागेवर ठेवली, बटण दाबलं आणि त्या अर्ध्या मिनिटात बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं. तसाच उभा राहिलो जसा त्या दिवशी होतो, रस्त्याकडे तोंड, कानाशी फोन. म्हणालो, "तिला सांगू नका. तिला हे कळता कामा नये." त्याच आवाजात. तो आवाज इतका सहज सापडला की मला स्वतःची शिसारी आली.

मग गप्प राहिलो. आत पाच आवाज झाले.

आत जाऊन पडदा पाहिला. पुढचा डावा, दोनशे चाळीस.

मी तिथेच खाली बसलो. दोनशे चाळीस म्हणजे वळसा नाही. खुर्ची रिकामी होती. आठवडाभर जे होतं ते उठून गेलं होतं. वाईट वाटलं, आणि लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मधला जुळत होता. उजवीकडचे दोन्ही जुळत होते.

मागचा डावा, दोनशे चौदा.

तो एकशे ऐंशी हवा होता. एकवीसचा वळसा असतानासुद्धा दोनशे एकच होता. मी मान वळवून त्या स्पीकरकडे पाहिलं. चेपलेल्या जाळीचा तो स्पीकर आम्ही एका उंच स्टुलावर ठेवला होता, दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. बाल्कनीच्या दारापासून हातभर अंतरावर.

मी मेहुण्याला फोन लावला.

"मागचा एक स्पीकर लांब दाखवतोय. डावा."

"फक्त तोच? मग त्याच्यासमोर काहीतरी आलंय. पडदाबिडदा?"

"तिथे पडदा नाही."

"कपडे वाळत घातलेत?"

"नाही."

"मग कुणीतरी उभं असेल समोर," तो म्हणाला आणि हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं. दुकानातला एक रेडिओ मागे खरखरत होता, तो त्यानं बंद केल्याचं ऐकू आलं. "भाऊजी, खुर्चीचं काय आलं?"

"खुर्ची बरोबर आहे आता."



"लहानपणी," तो हळू आवाजात म्हणाला, "आईबाबा बंद दाराआड तिच्या कानाबद्दल बोलायचे. डॉक्टर काय म्हणाले, खर्च किती, असलं. ताईला कळू नये म्हणून. मी बघायचो ना. ती उठून जायची आणि दाराला उजवा कान लावून उभी राहायची. हलायची नाही, अगदी श्वाससुद्धा घ्यायची नाही. मग जागेवर येऊन बसायची आणि म्हणायची, चल, पत्ते खेळू."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? लहान होतो आम्ही." मग एकदम घाईनं, "भाऊजी, प्लग काढा त्याचा. मी संध्याकाळी येतो आणि सगळं सोडवून नेतो. ऐकताय ना?"

मी हो म्हणालो.

६

घड्याळात पावणेपाच झाले होते. पाचला शाळेची मुलं परततात, जिना दणाणतो, मग माप घेता येत नाही. मेहुणा आला की तारा निघणार, पुढच्या आठवड्यात खुर्ची जाणार, आणि लेक पाचव्यांदा विचारील तेव्हा माझ्याकडे तेच उत्तर असणार.

मी प्लगपर्यंत गेलो. हात त्याच्यावर ठेवला. मग बटण दाबलं आणि बाल्कनीत गेलो.

या वेळी काही बोललो नाही. रस्त्याकडे पाठ केली आणि काचेतून आत पाहत राहिलो. ऊन माझ्या मागून आत पडलं होतं. वेताची खुर्ची, तिवई, सोफ्यावर माझी वही, सगळं जिथल्या तिथे. अर्धं मिनिट फार लांब असतं.

हुईप. पुढचा डावा, स्वच्छ. मधला. पुढचा उजवा. मागचा उजवा, लांबून, पण धारदार.

आणि मागचा डावा. काचेपलीकडे हातभर अंतरावर, सगळ्यांत मोठा ऐकू यायला हवा होता तो. तो आला तो दबलेला, मऊ, कुणाच्या तरी अंगावरच्या कापडात शिरून तिथेच संपल्यासारखा. टीव्हीवर चार आकडे उमटले. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, स्पीकर सापडला नाही.

मी काचेकडे पाहिलं, काचेतून नाही. माझ्या हनुवटीच्या खाली, लेकीनं घासून स्वच्छ केलेल्या जागी, काहीतरी उमटत होतं. आधी वाफेचा पुसट गोल. मग गोलाच्या आत एक बाक, बाकाच्या आत दुसरा, शिंपल्यासारखा. खाली पाळीचा ठिपका, आणि ठिपक्यात कुडीचा त्याहून बारीक ठिपका. काचेवर दाबून धरलेला कान. मी हात वर करून स्वतःचा कान चाचपला, बाहेरचा बाक कुठल्या बाजूला येतो ते पाहिलं. आतल्या बाजूनं कुणी कुठला कान टेकवला तर काचेवर असा दिसेल, ते मनात फिरवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चूक सापडेल म्हणून तिसऱ्यांदा पाहिलं.

तो उजवा होता.

माझ्या आणि त्याच्यामध्ये फक्त काच होती. काचेपलीकडे ती वाट पाहत होती. आत कुणीही दिसत नव्हतं, पण वाट पाहण्याला जसा एक आवाज असतो, श्वास न घेण्याचा, तो मला ऐकू येत होता.

मी वाकलो. तोंड त्या ठशाच्या समोर नेलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिच्या चांगल्या कानाशी, चांगलं ऐकू जाईल असं, ते बोललो. दोन महिने. फार तर अडीच. डॉक्टर म्हणाले. मी तुला सांगणार नव्हतो. मला धीर नव्हता, म्हणून. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

वाफ जराशी वाढली आणि थांबली. मग कान काचेवरून उचलला गेला. ठसा तेवढा राहिला.

त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. खाली फाटकापाशी शाळेची गाडी थांबली, मुलं ओरडत उतरली. मला वाटलं, संपलं. मी दाराकडे हात नेला.

आत, माझ्या डोळ्यांदेखत, खिटी सावकाश खाली आली आणि खोबणीत बसली. वाऱ्यानं पडते तशी नाही. आवाज होऊ नये म्हणून धरून सोडावी तशी.

मग स्वयंपाकघरातला नळ सुटल्याचा आवाज आला. मोठ्या धारेनं, भांड्यांवर; आत कुणी रडलं तरी बाहेर ऐकू जाऊ नये अशा.

त्या दिवशी मी पाच-सात मिनिटं काच वाजवत होतो. सारखा, न थांबता, चिडून. "अगं ऐकतेस का?" म्हणत.

मी काचेवर उचललेला हात खाली घेतला. पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागे पाणी वाहत होतं. या वेळी मी दार वाजवलं नाही.